स्टांको गेला तेव्हा बाबा कुठे होते

प्रिय दानिला,

ब्वेनोस आयर्सहून पाठवलेलं तुझं कार्ड पोचलं. इकडे गवत कापून झालं, गंज्याही रचल्या. वसंतात मी ऑस्ट्रियाला जाऊन आले, ते तुला कळवलं नव्हतं. पहिल्या युद्धात आपली सोचा नदीकाठची गावं लष्करानं रिकामी केली, तेव्हा आईला ज्या निर्वासितांच्या छावणीत ठेवलं होतं, तिथं गेले. आपल्या थोरल्या भावाची कबर काही सापडली नाही. पण तिथल्या पाद्रीबाबांनी दफनांची जुनी वही काढून दिली. 'स्टांको, दीड वर्ष, गोवर. नोव्हेंबर १९१६.' ती ओळ मी तारखेसकट उतरवून घेतली.

आई बाबांशी कधी सरळ बोलली का गं? "तुझ्या बापाला सांग, मक्याचा पोलेंटा झालाय," म्हणायची, आणि बाबा तिथंच, हाताच्या अंतरावर! विचारलं की एकच, "माझं लेकरू तडफडत होतं तेव्हा हा कुठे होता, विचारा त्यालाच." बाबा मुकाट्यानं गोठ्यात निघून जायचे. तू तर बोटीवर चढतानाही त्यांचा निरोप घेतला नाहीस.

त्या तारखेवरून मी व्हिएन्नाच्या लष्करी दफ्तरातून बाबांच्या पलटणीचे कागद मागवले. मुलगा आजारी म्हणून त्यांनी रजा मागितली, नामंजूर. पुन्हा मागितली; नामंजूर. मग ते पलटण सोडून पळाले. ज्या लेकराला कधी पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी, दानिला! छावणीच्या स्टेशनावरच पकडले गेले, स्टांको जायच्या आदल्या दिवशी. त्या फलाटावरून छावणी होती ते माळरान दिसतं. पळपुटा म्हणून त्यांना खांबाला बांधलं, नंतर तुरुंगात टाकलं.

बाबा तर कधीच गेलेले; मी आईला सांगितलं. ती कमरेचा एप्रन चुरगाळत राहिली. मग एकदम कडाडली, "मग बोलला का नाही मेला? जन्मभर तोंडात गुळणी धरून बसला!" आणि थोड्या वेळानं, हळूच, "लाजला असेल गं." त्यानंतर ती त्यांचं नाव घ्यायला लागली. भांडी घासताना, जिना चढताना, येर्नेय, येर्नेय. मला ऐकवत नसे.

दानिला, आई रविवारी गेली. तिला बाबांपासून लांब पुरायचं, असं तू माझ्याकडून वचन घेतलं होतंस; ते मी मोडलं. तिला त्यांच्या कबरीशेजारी ठेवलंय. तिनंच सांगितलं तसं. आणि हेही म्हणाली, "दानिलाला लिही. म्हणावं, तो आला होता."

तुझीच,
आल्बिना