निळी चकती शेखरची

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी.

थेरगावात आम्ही लग्नानंतर भाड्याने राहत होतो तेव्हा संध्याकाळी गच्चीवर रिंग खेळायचो. वाळत घातलेली माझी साडी म्हणजे नेट. मी कॉन्व्हेंटच्या टीममधली, शेखर गावच्या शाळेतला, आणि तरी तोच जिंकायचा, कारण तो डावखुरा आणि रिंग कुठून येईल ते कळायचं नाही. एकदा रिंग घरमालक चिमाजींच्या पत्र्यावर गेली. चिमाजी खालून म्हणाले, भाकरी टाकली असती तर खाल्ली तरी असती. शेखर हसत हसत पत्र्यावर उतरला. बाकी काही घडलं नाही. त्या दिवशी जेवायला काय होतं तेही आठवत नाही.

हे आज आठवायचं कारण असं की फेब्रुवारीत शेखर गेला आणि मला अजून रडू आलेलं नाही. हा विषय दिवाळीत निघाला. प्राजक्ता, पोटची मुलगी, बंगलोरहून आली आणि म्हणाली, मम्मी, जानेवारीत तू माझ्याकडे चल, हा फ्लॅट भाड्याने देऊ. कारणं तिने बोटांवर मोजली. सप्टेंबरात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मला वास आला नाही. (सर्दी होती.) मी घराबाहेर पडत नाही. (बाहेर काय आहे?) आणि रडत नाही. मी विचारलं, मी ठणठणीत आहे हे दाखवलं तर? ती म्हणाली, मग बघू.

मग बघू म्हणजे तत्त्वतः हो.

योजना तयार आहे. शेखरच्या पुतण्याने, ओंकारने, चाकणच्या पुढे त्यांच्या रानात कॅम्पिंग काढलंय. तंबू, शेकोटी आणि डिस्क गोल्फ. साखळ्या लावलेल्या नऊ लोखंडी टोपल्या, त्यांत लांबून चकती फेकायची. पाटीवर लिहिलंय, नवशिक्यांसाठी. एका टोपलीला तीन फेकी, एकूण सत्तावीस. महिन्याभरात सत्तावीस जमवायच्या, व्हिडिओ काढायचा, प्राजक्ताला पाठवायचा. विषय संपला.

उद्यापासून पहाटे उठणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

सहाच्या बसने जाणार होते, दहाच्या बसने गेले. पहाटे उठून नुसती थंडी मिळते. चाकणच्या चौकात नव्या गाड्या लादलेला ट्रेलर वळता वळेना. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. मैदान मात्र रिकामं. ओंकार म्हणाला, काकू, दोन चकत्या घ्या, एक हरवतेच. एक लाल, एक निळी.

रिंगमुळे हात बसलेला असेल असा अंदाज होता. बसलेला नाही, पण ओळख आहे. पहिली टोपली: लाल सात फेकींत. निळी डाव्या हाताने फेकून पाहिली, दोन्ही बाजूंना व्यायाम व्हावा म्हणून. ती पाच फेकींत गेली.

सोजराबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, तंबूंच्या कडेला बाज टाकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. लग्नापासून त्यांच्या लेखी माझी एकच ओळख: ही नवऱ्याला नावानं हाक मारती. आज म्हणाल्या, दिपाली, डाव्या हातानं फेकतीस व्हय? भावजींवानी? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

चाकणच्या कुठल्याशा कंपनीची टीम आली होती. गळ्यात ओळखपत्रं तशीच. त्यांच्यात जयसिंग नावाचा एक होता, सगळ्यांचा लाडका. मी चौथ्या टोपलीपाशी बराच वेळ होते. तो म्हणाला, मावशी, चकतीला ओव्हरटाइम लागलाय, शिफ्ट सुटली तरी घरी जाईना. दुसरा म्हणाला, राव, निळीला बघ, निळी परमनंट आहे. लाल कॉन्ट्रॅक्टवरची. सगळे हसले. मीही हसले, शिष्टाचार म्हणून.

चार टोपल्या झाल्या. वारा होता. निळी, म्हणजे सोयीसाठी आपण शेखर म्हणू, पुढे आहे. स्कोअर लिहायचा तर नाव लागतंच.

उद्दिष्ट सत्तावीसवरून छत्तीस केलं. नवशिक्यांना चार फेकी देणंच न्याय्य आहे. ओंकारची पाटी चुकली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

गेले नाही. डांगे चौकातून स्पोर्ट्स शूज आणले होते, ते चावतात. सवय व्हावी म्हणून घरातच घालून बसले. दुपारभर खुर्चीत होते, बूट घालून. काही विचार केला नाही. पाहिलं तेव्हा अंधार पडला होता. हा विश्रांतीचा दिवस धरावा. खेळाडू धरतात.

प्राजक्ताचा फोन. सांगितलं, प्रगती समाधानकारक. आमच्या प्रगतिपुस्तकात सिस्टर इमॅक्युलाटा हेच लिहायच्या, नापास मुलींच्यासुद्धा. जेवलीस का, तिने विचारलं. हो म्हटलं. (खारी.)

उद्यापासून दोन्ही वेळ पोळी-भाजी.

२ डिसेंबर, मंगळवार.

सहा टोपल्या. शेखर पुन्हा पुढे. आज मला चीड आली. गच्चीवर हाच, कॅरममध्ये हाच, आता इथेही हाच. मी मुद्दाम त्याची एक फेक वाकडी टाकली. ती बाभळीच्या खोडाला आपटून टोपलीत गेली.

सोजराबाईंनी हाक मारून शेंगा सोलायला बसवलं. म्हणाल्या, ती निळी भावजींची न्हवं? मी पुढची शेंग सोलायला घेतली. त्या म्हणाल्या, लाजतीस कशापायी? आमी दर अवसंला त्यांच्या नावानं पान वाढतोच की. त्ये काय जेवाया येत्यात? कावळा खातो. पन वाढलं न्हाई तर मला घास जात न्हाई. मी समजावून सांगितलं की हा खेळ आहे, पान वेगळं. व्हय, म्हणाल्या, तुझं पान उडतं, एवढंच.

येताना बसमध्ये डोळा लागला. डांगे चौक मागे गेला, हिंजवडीला उतरले. हे प्राजक्ताला सांगण्यासारखं नाही.

नऊपैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास. खरं तर एवढ्यावर भागायला हवं.

९ डिसेंबर, मंगळवार.

नऊच्या नऊ.

मी त्रेपन्न, शेखर एकोणपन्नास. सत्तावीस हा आकडा बाहेरच्या देशात कुणीतरी ठरवलेला. तिथली जमीन वेगळी असणार. ओंकार सगळा वेळ मागून मोबाइलवर शूट करत होता. नवव्या टोपलीच्या साखळ्या खळखळल्या तेव्हा सोजराबाई टाळ्या वाजवायला उठल्या आणि पदरातली टरफलं सगळीकडे उडाली. ओंकार म्हणाला, काकू, मधलं मधलं कापून छान करून पाठवतो. मी म्हटलं, अजिबात कापायचं नाही. पुरावा अखंड हवा. त्याने तिथल्या तिथे फॅमिली ग्रुपवर टाकला.

मी बसमधूनच एजंट नवनाथला फोन केला. फ्लॅट द्यायचा नाही. तो म्हणाला, मॅडम, ताईंशी बोलून घ्या. बोलणारच आहे. आता ताईच मला फोन करेल.

१० डिसेंबर, बुधवार.

व्हिडिओ पाहिला.

मी बोलते. हे मला माहीत नव्हतं. मी लाल फेकते, मग बाजूला सरकते आणि म्हणते, चल, तुझा डाव. मग थांबते. बराच वेळ. जिथे कोणी नाही तिकडे बघत. मग त्या जागी जाऊन उभी राहते आणि डाव्या हाताने फेकते. पाचव्या टोपलीला म्हणते, जरा मलाही जिंकू दे की. आठव्याला म्हणते, दमलास का, पाणी पी. आणि बाटली पुढे करते.

आवाज स्वच्छ आला आहे. ओंकारचा फोन महागाचा आहे.

प्राजक्ताचा फोन आला. ती रागावली नाही. आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, मम्मी, हे कधीपासून चाललंय? मी म्हटलं, व्यायाम आहे तो. मध्ये मध्ये कॉमेंट्री करत होते. ती म्हणाली, आणि पाणी? मी म्हटलं, ऊन होतं. मग ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं. मला काही वाटत नव्हतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

तिकीट तिने काढलं आहे. सात जानेवारीचं. न्यायला ती स्वतः येणार.

१४ डिसेंबर, रविवार.

शेवटचा उपाय, सोजराबाई. त्यांच्याकडे गेले, म्हटलं, तुमचं प्राजक्ता ऐकते, तुम्ही बोला. त्यांनी फोन स्पीकरवर लावायला लावला. म्हणाल्या, ए प्राजे, तुझी आई शानी हाय. म्या पान वाढते तवा म्या बी बोलते. म्हन्ते, भावजी, मिरची खाऊ नका, पित्त व्हतं. मला न्हाई कुनी बंगलोरला न्हेत.

प्राजक्ता म्हणाली, मोठी आई, ते वेगळं.

कसं वेगळं, सोजराबाईंनी विचारलं. मी जवळ सरकून ऐकत होते. मलाही उत्तर हवंच होतं.

प्राजक्ता म्हणाली, तू पान ठेवून घरात येतेस, चार माणसांत जेवायला बसतेस. मम्मी घरी येऊन कोणाबरोबर जेवते?

सोजराबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, पोरगी खोटं न्हाई बोलत बाई.

येताना त्यांनी सोललेले दाणे डब्यात भरून दिले. आमटी करायची ठरवलं. दाणे अजून फ्रिजमध्ये आहेत.

६ जानेवारी, मंगळवार. दुपारी.

जाते ते दोनच महिन्यांसाठी. परतीचं तिकीट काढलेलं नाही, कारण नंतर स्वस्त मिळतं. नवनाथने भाडेकरू अकरा महिन्यांचा आणला, ही त्याची घाई. प्राजक्ता आतल्या खोलीत खोक्यांना टेप लावते आहे. विसरायला नको म्हणून इथे लिहून ठेवते, कोणाला काय.

तुळस समोरच्या मोनिकाला. पाणी जास्त घालते ती, सांगावं. बूट कामाच्या सावित्रीबाईंना. त्यांनी सकाळीच घालून पाहिले, अजिबात चावत नाहीत म्हणाल्या. तुरीचे दाणेही त्यांनाच, आजच न्यावेत.

शेखरचे दोन चांगले शर्ट ओंकारला. बाकीचे सोजराबाईंना, गोधडीसाठी. गोधडी झाली की ती मला पाठवावी. पत्ता प्राजक्ता देईल.

गच्चीवरची रिंग कुणाला नाही. ती माझ्या हँडबॅगेत आहे. रबर वाळून चिरलं आहे, खेळता येणार नाही, पण विमानात चालते असं प्राजक्ता म्हणाली.

लाल चकती त्या कंपनीतल्या जयसिंगला, पुन्हा आला तर. सांगावं, कॉन्ट्रॅक्ट संपलं.

निळी सोजराबाईंना. दर अवसेला पान ठेवून झालं की एकदा फेकावी, डाव्या हाताने. त्यांना विचारून ठेवलं आहे. म्हणाल्या, फेकीन की, पन तुझ्यासारखं मार्क लिवाया येत न्हाईत मला.

मार्क लिहू नयेत. तोच जिंकतो.