तीन टाळ्या

पुणे, १२ नोव्हेंबर २०२५

भागवतदादास धनश्रीचा नमस्कार.

१. रविवारी, ९ तारखेला सकाळी शेळ्या शेजारच्या तुरीत शिरल्या.
२. तू वहिनीला काठीने मारलंस. पाठीवर तीनदा, डोक्यात एकदा.
३. वहिनी उंबऱ्यावर पडली. तू शेळ्या घेऊन निघून गेलास.
४. पाच वर्षांची सुकन्या आईजवळ बसून टाळ्या वाजवत राहिली. तिने कोणालाही हाक मारली नाही.
५. अर्ध्या तासाने शेजारच्या सुंदरकाकू ताक मागायला आल्या. वहिनीला अकरा टाके पडले.

तिघींनी मला एकेकटीने सांगितलं; ते जुळतं. डॉक्टरांना वहिनीच्या मनगटाचं हाड पूर्वी मोडलेलं दिसलं. तेव्हा तू ती घसरून पडली म्हणाला होतास.

वहिनी आणि सुकन्या माझ्याकडे आहेत. फोनवर तू ओरडतोस, म्हणून लिहिलं. तुझं म्हणणं कळव. लोभाचं नंतर बघू.

धनश्री

*

नांदूरघाट, १७ नोव्हेंबर

चि. धनूस दादाचे आशीर्वाद.

लई शिकलीस, आता भावाला नंबर घालून लिहायलीस. रागात काठी उठली, लागली. आपल्या बापानं आईला कमी मारलं का? मग माझंच कावून मोजतीस?

तुझं बी मोज की. तू बनवतीस त्या कार्टूनात लांडगा करडाला काठी हाणतो, करडू पडतं, अन् लेकरांनी तीन टाळ्या वाजवल्या की उड्या मारीत उठतं. आत्याचं कार्टून म्हणून मीच पोरीला मोबाइलवर लावून देत होतो. तिनं काकूला हाक मारली असती तर एवढं रगत गेलं नसतं. काकू म्हणती, टाळ्या वाजवून लेकराचे हात सुजलते.

इथं धार काढायला कोणी न्हाई. दोघींला धाडून दे. गावात तोंड दाखवायला जागा ठेव. माया तुटू देऊ नको.

तुझा दादा,
भागवत

*

पुणे, २१ नोव्हेंबर

भागवतदादास नमस्कार.

माझं मोजलं. करडू पडल्यापासून उठेपर्यंत दोन सेकंद. ती वेळ मी बसवली. लहान मुलांना रक्त दाखवायचं नाही म्हणून ते काढलं नाही. पडलेलं उठलं नाही तर काय करायचं, हेही दाखवलं नाही. ही चूक माझी, आणि तसं मी कामावर लिहून दिलं आहे. नव्या भागात टाळ्या नाहीत. मुलं धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलावतात.

काल तो भाग सुकन्याला दाखवला. तिने विचारलं, मोठा माणूसच मारत असला तर कोणाला बोलवायचं? वहिनी मेथी निवडत होती. ती म्हणाली, सगळ्या गल्लीला. मग जुडी बाजूला ठेवून तिने मला कागद आणायला सांगितला.

तिने सांगितली तशी तक्रार मी लिहिली. सही तिची आहे. सोमवारी, १ डिसेंबरला आम्ही ती पोलीस ठाण्यात देणार आहोत. ती परत येणार नाही. हे तिने मला दोनदा लिहायला सांगितलं: ती परत येणार नाही.

तुझ्या पत्रात काठी आपोआप उठते. माझ्या कार्टूनातही ती कोणीतरी उचलतो. तू काय केलंस ते तुझ्या हाताने, नावानिशी लिही. सुकन्या मोठी झाल्यावर वाचेल. तोवर मी ते जपून ठेवीन.

रविवार, ३० नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठव.

धनश्री