नवव्या ओळीतली सही

मंगळवार, संध्याकाळ

बेघर निवाऱ्यासाठी आमच्या घराजवळची, मोशीतली बंद शाळा सुचवायची, हे मी गेल्या आठवड्यात पाहणी करून ठरवलं होतं. मजूर अड्डा जवळ, नळाला पाणी, छत शाबूत. आज महापालिकेच्या ऑफिसात आमच्याच सोसायटीचा निवाऱ्याला विरोधाचा अर्ज आला. नवव्या ओळीत आईची सही. मीच शिकवलेली, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं.

घरी आल्या आल्या विचारलं. आई मेथी निवडत होती.

"समद्या बायांनी केली. मी एकलीच न्हाई म्हणू व्हय? आन् दारुडे येऊन पडले तिथं, तर? तूच त्या रस्त्यानं येतीस की गं."

"अगं, ती जागा मीच शोधलीय."

तिचे हात थांबले. "मग खोड माझी सही."

कशी खोडू? आणि तिची भीती खोटी तरी कुठे आहे? पण अड्ड्यावरच्या बायका आज पुलाखालीच झोपणार, त्यांचं काय? साहेबांना सांगायला हवं, अर्जातली ती सही माझ्या आईची आहे. न सांगणं म्हणजे लपवणंच ना?

जेवताना आईनं हळूच विचारलं, "सही बरी आली का पण?"

"छान आली," म्हणाले. ते घसरलेलं अक्षर डोळ्यांपुढून जात नाही.

उद्या त्याच फाइलमध्ये, शाळेच्या शिफारशीखाली, तिच्याविरुद्ध, माझी सही.