पात्यापुढची मूठ

७ ऑक्टोबर, मंगळवार
मी सांगतच होतो, पण गरिबाचं ऐकते कोण? घरमालक निशांतसाहेबांले गवत कापाले नायलॉनच्या तारेची मशीन पाहिजे होती. हलकी, बिनधोक. अन् परसात घाणेरी माजलेली, अंगठ्याएवढी खोडं! तार दोन मिनिटांत तुटते. भांडून भांडून शेवटी देवळीच्या दुकानातून पेट्रोलवाली आणली, लोखंडी पात्याची. बोरगाव मेघेतलं हे घर मस्त हाय. साहेब पुण्याले, राखण माझ्याकडं. दोन खोल्या, पंखा, घरात नळ. आई मोताळ्याची भाड्याची खोली सोडून रविवारी कायमची राहाले येते. त्याच्या आधी परस साफ पाहिजे.

८ ऑक्टोबर, बुधवार
अर्धं परस झालं. शेजारच्या शालूबाई कुंपणावरून पाहत होत्या. म्हणे, विळ्यानं कापताना डाव्या मुठीत गवत धरा लागते, काय धरलं ते समजते. तुह्या मशीनले हात हाय का रे लेका? कापाच्या आधी पहिली मूठ जाग्यावाल्याच्या, जागा राखते त्याच्या, नावानं उंबऱ्यावर ठेवून इचारा लागते, ते केलं का? मी म्हटलं, मावशी, त्याच्यासाठी पेट्रोल ठेवतो. हसल्या. मग म्हणे, कोपऱ्यातलं तरी राहू दे. काऊन, ते सांगितलं नाई.

९ ऑक्टोबर, गुरुवार
भर दुपारी कोपऱ्यात घुसलो. मशीन अडकली. पात्याच्या दांडीले गवत गुंडाळते, नेहमीचंच. सोडवलं तर केस. हातभर लांब, अर्धे पांढरे. खोबरेल तेलाचा वास.
शालूबाईले दाखवाले गेलतो. त्यांनी दार लावून घेतलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
वारा नाई. तरी पात्यापुढचं गवत झुकते, एकेक मूठ. कोणी डाव्या हातानं धरावं तसं, ताणून. मले कापाले सोपं जावं म्हणून.
मशीन बंद केली. मूठ सुटली नाई.
घरात आलो तर उंबऱ्यावर गवताची एक मूठ ठेवलेली. ताजी.
म्हणजे आता मलेच इचारून राह्यलं कोणी. पण काय कापाले —

११ ऑक्टोबर, शनिवार
दार लावलं. दुपारचे बारा. पाठीमागं भिंत हाय, कोणी नाई. तरी माह्या डोक्याचे केस गोळा होऊन राह्यले — कोणाच्या तरी मुठीत — मान हलत नाई —
आईचा फोन. एक दिवस आधीच बोचकं बांधून स्टँडवर हाय. नको म्हटलं. काऊन रे, म्हणते. खोली तर सोडली, म्हणते, आता जाऊ कुठं?
बाहेर मशीन सुरू झाली. एकटीच.
आई, गाडीत बसू नको. तिथंच खोली पाहा. होते नव्हते ते सगळे पैसे, चार हजार तीनशे रुपये, पाठव—