बडीशेपेच्या वासाची अळंबी

ती. दादा यांस,

सोबतच्या डबीतल्या अळंबीची खरी किंमत आधी सांगतो: माझी डावी चप्पल, चंदनी साबणाची कोरी वडी आणि समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांशी असलेली वीस वर्षांची मैत्री (ती अजून पुरती गेलेली नाही). आता नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमची बहीण म्हणते, हल्ली वाजतो. मला तो गेल्या खेपेलाच शेजारच्या खोलीतून ऐकू आला होता, पण न विचारता कुणाच्या गुडघ्यावर बोलू नये.

तुम्ही जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंत, मी जन्मभर कुलपं उघडली. फूटपाथवर किल्ल्या घासण्यापासून सुरुवात केली. आज अडकलेली तिजोरी बँकवालेसुद्धा माझ्याच कानाच्या भरवशावर सोडतात. तेव्हा "नुसत्या वासावरून अळंबी खाऊ नये" हा तुमचा उपदेश तुमच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवा. गेल्या रविवारी डॉक्टरांबरोबर टेकडीमागच्या जंगलात फिरताना पाचोळ्यातून बडीशेपेचा असा घमघमाट आला, की मी चप्पल चिखलात सोडून धावलो. निळसर हिरव्या टोपीच्या पाच-सहा अळंब्या! डॉक्टर म्हणाले, "अहो, कुत्र्याच्या छत्र्या त्या. फेका." (दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या माणसाला वाटतं, बोलायचं ते फक्त आपणच.)

घरी येऊन मी रीतसर तपास केला. आमच्या धंद्यात किल्लीची ओळख पटवायची तर आधी साबणात ठसा घेतात. मी एक अळंबी नव्या वडीत दाबली. ठसा झकास उमटला. (तुमची बहीण त्याच वडीने तोंड धुऊन आली. पुढचं लिहीत नाही.) नमुन्याला चंदनाचा वास येतोय तो त्यामुळे, बडीशेपेबद्दल माझ्या नाकावर विश्वास ठेवा.

मग मी जाहीर केलं, आज हीच भाजी, आणि डॉक्टरांना बघायला बोलावलं. ते गाडीची किल्ली मुठीत धरूनच बसले. तुमच्या बहिणीने ताट वाढलं. मी अख्खी वाटी चाटूनपुसून खाल्ली, वर आणखी मागितली. डॉक्टरांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा! सकाळी त्यांच्या दवाखान्यावरून शीळ घालत दोनदा गेलो. असं काळीज लागतं, दादा. पुस्तकं वाचून येत नाही.

तुमचा,
कुणाच्या बापाला न घाबरणारा मेहुणा

ता. क. उत्तर घरी नको, दुकानावर पाठवा.

ता. क. २. खरं म्हणजे उत्तर डॉक्टरांनाच पाठवा. त्यांना माझं पटलंय हो! काल म्हणाले, "मानलं तुम्हाला. शनिवारी मुलगी, नातवंडं येतायत. रविवारी टोपलीभर आणू." डबीतली काहीही निघो, तुम्ही ठणकावून लिहा की तोंडाला लावू नका. (माझी पचनशक्ती अपवादात्मक आहे, एवढं एक वाक्य घाला.) शुक्रवारपर्यंत तुमचं पत्र आलं नाही, तर मला स्वतः जाऊन सांगावं लागेल.

ता. क. ३. काय सांगावं लागेल ते तुम्हाला म्हणून सांगतो. जंगलातल्या सगळ्या तुमच्या बहिणीने कचऱ्यात टाकल्या. डबीतली तेवढी साबणात रुतली होती म्हणून वाचली. मी खाल्ली ती भाजी दुकानातल्या अळंबीची होती. पाकीट फाटल्याचा आवाज मी बाहेरच्या खोलीत ऐकला होता.