गच्चीवरचे सात ठराव

बुधवार, दि. १० सप्टेंबर

चि. साधना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन सोडून पत्र पाठवलंस, म्हणून पोस्टमनने ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि मगच माझ्या हातात दिलं. इकडे सगळं ठीक आहे. घरातला चिखल निघाला, भिंती अजून ओल्या आहेत. हळदीचे कंद जागच्या जागी सडले, त्याचा वास वावरातून घरापर्यंत येतो. चि. रुद्रला नवे दात आले का ते कळव. तुझ्या आईला मात्र एवढ्यात इकडे पाठवू नकोस. या ओलीत तिचे गुडघे धरतील.

तू लिहितेस की अकरावीच्या पोरांना समाज कसा बनतो हे शिकवायचं आहे, पुस्तकातलं त्यांच्या डोक्यात शिरत नाही, आणि दादा, तुम्ही तर पुरात शाळेच्या गच्चीवर अडकून दोन दिवसांत नवा समाज उभा केलात, तेव्हा तुम्हीच लिहा. मी तेहतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून लोकांच्या सभा लिहिल्या आणि तू मला चिडवत आलीस की दादा भाजी कोणती करायची याचाही ठराव घेतील. आता त्याच ठरावांशी तुझं काम पडलं, तेव्हा जरा ऐटीत लिहितो.

पाणी सकाळी सातला वेशीतून आत आलं. खालच्या आळीतले आम्ही तेवीस जण शाळेच्या गच्चीवर पोहोचलो आणि मागोमाग जिना बुडाला. वर नेलेलं सामान म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाचं दीड पोतं, गॅसची शेगडी, एक मोठं पातेलं, एक ताडपत्री आणि विहिरीचा लांब दोर. गच्चीवरची पाण्याची टाकी निम्मी भरलेली होती. शाळेचं एक कोरं रजिस्टरही होतं. ते मी उचललं होतं. लोक लेकरं उचलत होते आणि मी रजिस्टर.

पहिले दोन तास नुसता कालवा. टाकीच्या तोटीजवळ ढकलाढकली झाली आणि अंगणवाडीच्या पद्माबाईंचा धाकटा पडून त्याच्या कपाळाला खोक पडली. तेव्हा मी रजिस्टर उघडून म्हणालो, "सभा घेऊ." तुझा विश्वास बसणार नाही, पण माणसं गप बसली. माजी सरपंच मुंजाजी अध्यक्ष झाले, मी सचिव.

ठराव एक, पाणी दिवसातून दोन वेळा, एकेक पेला, आधी लेकरं आणि म्हातारी माणसं. ठराव दोन, बायकांसाठी कोपऱ्यात आडोसा. त्यासाठी मुंजाजींच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स सापडला. लोक हसले, मुंजाजीही हसले. ठराव तीन, एका वेळी एकच मोबाइल चालू ठेवायचा. ठराव चार, ताडपत्री, दोर, शेगडी या सामाईक वस्तू सभेच्या मंजुरीशिवाय कोणी कोणाला द्यायच्या नाहीत. हा चौथा माझा. त्याच्या शब्दरचनेचं मुंजाजींनी कौतुक केलं.

आणि स्वयंपाक चतुराबाईंनी केला. बौद्धवाड्यातल्या चतुराबाई, आपल्या बुद्धभूषणची आई. मुंजाजींच्या म्हाताऱ्या आईने आजवर त्यांच्या हातचा पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्या दिवशी त्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली. माझे डोळे भरून आले, हे खरं सांगतो. तुझ्या पोरांना हेच सांग. ठराव एकूण सात झाले, बाकीचे किरकोळ आहेत.

मुंजाजी आत्ता ओसरीवरच बसले आहेत. त्यांचा तुला आशीर्वाद.

तुझे दादा

•

गुरुवार, दि. २५ सप्टेंबर

साधना,

हे पत्र तुकड्यातुकड्यांत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

मागचं पत्र मुंजाजींनी वाचून मगच पाकिटात घातलं. "काय लिवलं पोरीला, पाहू तरी," असं हसतच म्हणाले आणि मीही हसतच कागद पुढे केला. फोनवर मी तुटक बोलतो अशी तुझी तक्रार आहे. तू फोन करतेस तेव्हा समोर कोणीतरी बसलेलं असतं.

गच्चीवर आम्ही कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. पूर ओसरला तरी पाळ्या चालूच आहेत. सोमवारी पद्माबाई, मंगळवारी रामकिशन, असं वारावार गच्चीवरचंच कोणीतरी सकाळी आठला येतं आणि दिवे लागेपर्यंत बसतं. भाकरी आणतात, चहा करून देतात, तब्येत विचारतात. कोणी वाकडा शब्द बोललेलं नाही. मी परसात गेलो तर परसाच्या दाराशी येऊन उभे राहतात. तुझ्या आईला मी ओलीसाठी थांबवलेलं नाही. मला भीती वाटते, साधना. अजून आठ वाजायचे आहेत, तेवढ्यात जमेल तेवढं लिहितो.

तू मागे फोनवर विचारलंस, बाकीचे तीन ठराव कोणते, आणि मी रुद्रच्या दातांवर गेलो. आज सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तांड्यावरचा थावरा शाळेपाशी आला. निळा प्लास्टिकचा ड्रम छातीशी धरून, पाणी तोडत आला आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या फांदीत अडकून थांबला. त्याच्या पायातून रक्त येत होतं. तांड्याची पंधरा माणसं बाभळीच्या टेकाडावर अडकली होती आणि टेकाड चहूबाजूंनी खचत होतं. तिथून गावाच्या उंच पाणीटाकीचा खांब जवळ आहे. मध्ये दोर बांधला की एकेकाला धरून नेता येईल, असं तो म्हणाला. "दोर द्या, साहेब. उद्या परत आणून देतो."

दोर आमच्याकडे होता. त्याच्यावर ताडपत्री ताणलेली होती आणि तिच्याखाली सहा लेकरं आणि मुंजाजींची तापाने फणफणलेली आई होती. पाऊस थांबत नव्हता. दोर सोडला असता तर ती भिजली असती. भिजली असती, एवढंच. तेव्हा मात्र ते तसं दिसत नव्हतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तुझ्या बापाने काय केलं, तर रजिस्टर उघडलं. ठराव चार होता ना. मी म्हणालो, "सभा घ्यावी लागेल."

चतुराबाई पातेल्यापासून उठल्या. "सभा कायला पायजे? दोर पायजे त्याला." बुद्धभूषण तर गाठ सोडायलाच लागला होता. मुंजाजींनी त्याचा हात धरला. "पोरा, नियम सगळ्याइला सारका. तुजा न्हाई दोर, माजा बी न्हाई." हे बरोबरच बोलले ते, याचंच मला आज भय वाटतं.

पद्माबाई आल्या. आज पाळी त्यांची नाही, बदलून घेतली म्हणे. थांबतो.

(संध्याकाळ. त्या नुकत्याच गेल्या.)

सभा अर्धा तास चालली. दोर दिला तर तांड्याची सगळीच माणसं इकडे येतील, टाकीतलं पाणी पुरणार नाही, गच्चीचा स्लॅब जुना आहे, असे मुद्दे निघाले. मी ते ओळीने लिहून घेतले. द्यायचा नाही असं तोंडाने म्हणायला कोणीच तयार नव्हतं. आम्ही काही राक्षस नव्हतो. तेव्हा मुंजाजींनी मला विचारलं, "सायेब, तहकूब करता येतो ना विषय?"

येतो. ग्रामसभेत अडचणीचा विषय आला की मी नेहमी हाच रस्ता सुचवायचो. कोणाला नाही म्हणावं लागत नाही, वाईटपणा येत नाही. तांड्याच्या रस्त्याचा विषय आम्ही अकरा वर्षं तहकूब ठेवला होता. ठराव पाच, दोराचा विषय सायंकाळी पाच वाजेपर्यंत तहकूब. सूचक पद्माबाई, अनुमोदक रामकिशन. विरोधात दोन हात, चतुराबाई आणि बुद्धभूषण.

कठड्यापाशी जाऊन तो ठराव थावराला मी वाचून दाखवला. साधना, तो चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर कदाचित कोणीतरी उठून दोर फेकला असता. पण थावराने उभी हयात आमच्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून काढलेली. त्याला सवय होती. त्याने फक्त विचारलं, "किती वाजता म्हनले, साहेब?"

"पाच."

"बरं. बसतो मी."

आणि तो फांदीला धरून थांबला. ड्रम मांडीत धरला होता. सव्वाचारला कडुनिंब मुळापासून कलला. मी पाहत होतो. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, हाक मारली नाही. निळा ड्रम पुढे बराच लांबपर्यंत दिसत राहिला.

पाच वाजता सभा भरली. ठरलेली होती म्हणून भरली. ठराव सहा, विषय निकाली निघाल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही. हे वाक्य माझं आहे. आज रजिस्टर उघडून पाहिलं, अक्षर कुठेही हललेलं नाही. सुबक आहे.

रात्री सगळे खिचडी जेवले. मीही जेवलो.

सकाळी बोटीचा आवाज आला तेव्हा ती जवळ येईपर्यंत ठराव सात झाला. पुराच्या काळात शाळेपाशी बाहेरची कोणतीही व्यक्ती आली नव्हती, सर्वानुमते. बुद्धभूषणने सही केली, त्या वेळी त्याच्या शेजारी चार माणसं उभी होती. चतुराबाईंनी केली नाही. म्हणाल्या, "मी गप ऱ्हाईन. पन लिवून देनार न्हाई."

टेकाडावरची तिघं वाहून गेली. त्यात थावराची आई होती.

आता तुझ्यापासून लपवलेलं शेवटचं. थावराचा धाकटा भाऊ हिरासिंग, परभणीच्या बसस्टँडवर फळांचा गाडा लावतो तो, मागच्या सोमवारी घरी आला होता. पायरीवर बसला. वर ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "दादा, भाऊ शाळेकडं गेल्ता म्हन्तेत, निळा डरम घेऊन. तुमाला दिसला काय?"

पद्माबाई आत चहा करत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "न्हाई."

त्याने पाणी प्यायलं आणि पेला स्वतःच विसळून ठेवला. "बराबर हाय. पानी लईच व्हतं," असं म्हणून गेला. पद्माबाईंनी त्या दिवशी मला चहात साखर जास्त घातली होती.

तू समाज कसा बनतो ते विचारलं होतंस. फार सोपं आहे, पोरी. दोन तासांत झाला आणि चांगला झाला. चतुराबाईंच्या हातची खिचडी खोटी नव्हती, मी त्या वेळी रडलो तेही खोटं नव्हतं. लेकरांना पाणी आधी मिळालं, बायकांना आडोसा मिळाला, कोणी कोणाचं चोरलं नाही. पण आम्ही तेवीस जण एक झालो तो क्षण कोणता, हे मी रोज आठवून पाहतो. खिचडीच्या वेळी झालो असं मला वाटायचं. तसं नाही. ठराव सातला झालो. त्यानंतर आमच्यात एकदाही भांडण झालेलं नाही.

रविवारी सकाळी अकराला मारुतीच्या पारावर सभा आहे. विषय एकच, शाळेचं रजिस्टर पुरात खराब झाल्याने नष्ट करणे. ते जरासुद्धा भिजलेलं नाही. माझ्या उशाखाली आहे. सचिवाच्या सहीशिवाय ते जाळायचे नाहीत, नियमाची एवढी चाड त्यांना आहे. मी लिहायला नकार दिला तर काय होईल, ते दिवसभर माझ्या डोक्यात चालू असतं. ते मला हात लावणार नाहीत. ते सभा घेतील. मी एकटा असेन, ते सगळे हात वर करतील, आणि मला ठाऊक आहे की तसं घडलं तर माझाही हात वर जाईल. म्हणून रविवारच्या आत हे करतो आहे.

ठराव चार ते सातची पानं मी कापून सोबत ठेवली आहेत. उद्या शुक्रवारी पाळी चतुराबाईंची असते. मागच्या शुक्रवारी त्यांना नुसतं म्हणालो होतो, "काही कागद परभणीला साधनाकडं जायला पायजेत." त्यांनी कसले कागद ते विचारलं नाही. "भूषन नेईल," म्हणाल्या.

तू ती पानं हिरासिंगकडे घेऊन जा. टपालाने पाठवू नकोस, कोणाच्या हाती देऊ नकोस. त्याच्या गाड्यापाशी उभी राहून स्वतः वाचून दाखव, कारण आमची सरकारी भाषा त्याला कळायची नाही. 'तहकूब' म्हणजे काय ते समजावून सांग. हे मी जायला हवं होतं. माझ्यात हिंमत नाही, आणि हे लेकीला लिहिताना मला लाज वाटते. पुढे तो पोलिसांत जाईल, नाही जाईल, ते त्याने ठरवायचं. यावर आईचं मत घेऊ नकोस, जावईबापूंना विचारू नकोस, दोन दिवस विचार करते असं म्हणू नकोस. मिळालं की निघ.

रविवारी मी रजिस्टर त्यांच्यासमोर उघडीन आणि पानं नाहीत हे त्यांना दिसेल. त्यानंतर माझा फोन आला आणि मी सांगितलं की ते पत्र तापात लिहिलं होतं, तर माझं ऐकू नकोस.

खाली पूर्ण सही करतो आहे. रजिस्टरातल्या चारही ठरावांखाली हीच आहे. ताडून पाहायला हिरासिंगला दाखव.

तुझा बाप,
माणिकराव
सचिव, शाळेची गच्ची