बायोचार आणि कामठ्यातले माझे शत्रू

८ मे २०१४
गोंदियाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. शेतातला कचरा कमी हवेत जाळायचा, तो कोळसा, म्हणजे बायोचार, मातीत मिसळायचा. जमीन सुधारते, धूर कमी, पृथ्वी थंड. तीन वर्षांत तालुका मला ओळखेल. बायकोला, रुक्माबाईला, समजावलं. म्हणाली, आधी कूलरमध्ये पाणी टाका.

१५ मे
शेजारच्या शालीकरामकडे तुराट्या मागितल्या. "काऊन देऊ? आमच्या चुलीत काय जाळू?" क्लायमेट समजावलं. म्हणे, शेहेचाळीस डिग्रीत आग लावून राहिला अन् मलेच गरमी सांगते! अडाणी. घरच्याच तुराट्या घेतल्या. रुक्माबाईला सांगितलं नाही.

२० मे, सकाळी ११
पहिली भट्टी. ड्रमचं झाकण वेळेवर सापडलं नाही. नुसती राख. ड्रम खराब निघाला.

त्याच दिवशी, दुपारी ३
ठिणगी उडाली. शालीकरामचं कुंपण गेलं. जगाच्या भल्यासाठी एक कुंपण जास्त नाही, असं शांतपणे म्हणालो. त्याने कॉलर धरली. आजपासून बोलणं बंद.

४ जून
जमलं! चार पोती कोळसा. आता कोण हसतं बघतो. शेणाच्या काल्यात पंधरा दिवस भिजवा, असं ट्रेनिंगचे सर म्हणाले होते. ते कच्च्या लोकांसाठी. चुलीला जळण नाही म्हणून रुक्माबाई भांडतेय. दुर्लक्ष.

२२ जून
लावणीच्या रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले. वाफ्यात चारही पोती कोरडी मिसळली. रुक्माबाई म्हणाली, "एका कोपऱ्यात करून पाहा ना." भित्री बाई.

९ जुलै
पऱ्हे पिवळे. शालीकरामने काहीतरी टाकलं असणार. सरांना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, शेणात भिजवलं होतं ना? नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला.

१७ जुलै
पऱ्हे मेले. शेताच्या बांधीत पाणी भरलंय, लावायला काडी नाही. कामठा गावात सगळे माझ्यावर जळतात, कोणाकडे जायचं? रुक्माबाई शालीकरामकडे निघाली. मनाई केली. "मंग वर्षभर कोळसा खासान काय?" म्हणाली अन् गेली.

१९ जुलै
शालीकराम सकाळीच उरलेले पऱ्हे घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. रुक्माबाईला म्हणाला, "वहिनी, तुमची बांधी पडीत राहू देऊ काय? भांडण त्या माणसाशी हाये." सहा बाया लावणीला उतरल्या. मी ओळींच्या अंतराबद्दल बोलायला लागलो, तर रुक्माबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमी पऱ्ह्याच्या जुड्या फेका, तोंड बंद ठेवा."
फेकल्या. दिवसभर कोणी सल्ला विचारला नाही.
संध्याकाळी शालीकराम पाय धुताना म्हणाला, "जुड्या बराबर फेकते तू."
बरं वाटलं.